धोंडुबाईची अळंबी

खायच्या अळंबीची पूड गुलाबी पडायला हवी होती. वाडग्याखाली झाकून ठेवलेल्या अळंबीनं पांढऱ्या कागदावर रात्रभरात जी पूड सांडली होती, ती फिक्या शेवाळासारखी हिरवट होती.

मी रोह्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि कासूजवळ धोंडुबाईच्या शेजारी राहते. ही अळंबी तिच्या सुनेनं, शकूनं, पदराखाली झाकून माझ्याकडे आणली होती. सोमवारी धोंडुबाईनं रानातली म्हणून टोपलीत थोडी अळंबी आणली, शकूनं कालवण केलं, आणि तिचा नवरा अमोल ते जेवून धाटावला दुसऱ्या पाळीला निघाला. कंपनीच्या बसमध्येच त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. सासूचा उपास होता. शकूला कालवण उरलंच नव्हतं. दोघींनीही ते खाल्लं नाही, हे गावानं नीट ध्यानात ठेवलं. शकूच्या बाबतीत जरा जास्तच. अमोलचा धोका टळला, पण त्याचा चुलता कमळाकर शकूला माहेरी पेणला पोचवायला निघाला होता.

सकाळी तिघं माझ्या ओटीवर आली.

"काय बोलते तुझी नळी?" कमळाकरनं विचारलं.

मी मायक्रोस्कोपशेजारी पुस्तकातलं चित्र ठेवलं. वारुळावरच्या, खायच्या अळंबीच्या पुडीचा कण नितळ, पातळ सालीचा असतो. काचेवरचे कण जाड सालीचे होते आणि एका टोकाला छाटल्यासारखे.

"ही खायची नाही. हिनंच अमोलला त्रास झाला."

"चित्र काय, कुनाचंपन दाखवशील," धोंडुबाई म्हणाली. नळीला डोळा लावून ती लगेच मागं झाली. "मला काय दिसत नाय."

शकू वाकली. "टोक कापल्यागत हाय."

"तुला बरं दिसलं गो! तुझीच असंल ती."

"माझी? तुमच्या टोपलीतली हाय, आये. किडकी वाटली म्हनून बाजूला काढली."

"टोपलीत मागनं कोन टाकील, ते मी बघाया बसले व्हते?"

खरं तर हा संशय मलाही आला होता. अळंबी कुठून आली, हे मायक्रोस्कोप सांगत नाही. मी पान उलटलं. पुढच्या चित्रात वारुळावरची अळंबी मुळासकट होती. देठाखाली हातभर लांब शेपूट.

"ही शेपटी कसली गो, बाय?" शकूनं मला विचारलं. सहा वर्षं ती हेच कालवण करत होती.

मी सांगायच्या आत धोंडुबाईच बोलली. "ती भुईतच ठेवायची असते. मोडून घ्यायची, उपटायची नाय. उपटली का पुढल्या सालाला जागा मरते."

म्हणजे खूण दरवर्षी रानातच राहत होती. घरी यायच्या त्या नुसत्या छत्र्या. शकूनं ओळखायचं तरी कशावरून?

"आमच्याकडं शेपटी कधी आलीच नाय," शकू म्हणाली. "ह्या टायमाला मात्र खाली गड्डा व्हता. आन् शेण. धुताना हात भरला माझा."

मी कमळाकरसमोर देठ धरला. गड्ड्याला वाळकं शेण अजून चिकटलेलं होतं. त्यानं नखानं खरवडून वास घेतला.

"वयनी, वारुळावर शेण कुठनं आलं?"

नकळत धोंडुबाईचा हात गुडघ्यावर गेला.

"वयनी?"

"डोंगर चढवत नाय रं मला," ती अखेर म्हणाली. "दोन सालं वर गेलेच नाय. गेल्या साली कासूच्या बाजारातनं घेतली. ह्या साली गोठ्यामागच्या उकिरड्यावर पांढरी दिसली, तीच आनली."

"मग शकूला धाडायची व्हती!"

"जागा सांगाया लागली असती." तिनं शकूकडं पाहिलं नाही. "माझ्या सासूनं मरताना मला सांगितली. जागा दिली का म्हातारीला कोन इचारतंय? म्हनून आज सांगू, उद्या सांगू, करत बसले."

कमळाकर चप्पल शोधू लागला.

"कुठं चाललास? बस." धोंडुबाईचा आवाज एकदम इतका चढला की कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी शेजारची सरूही थांबली. "शकू पेनला जानार नाय. आन् तूपन ऐक, सगळ्यांनी ऐका. खिंडीच्या खालती ऐनाचं मोठं झाड हाय. त्याच्या मागं तीन वारुळं. मधल्यावर येते, शकू. मधल्यावर."