शेषरावांनी साफ केलेला लॅपटॉप

सकाळी नऊ वाजता उंद्रीतल्या शेतकरी गटाच्या गोदामात प्रेरणाने लॅपटॉप उघडला, तेव्हा टोकन अ‍ॅपचं फोल्डर जागेवर नव्हतं.

अकरा वाजता सोयाबीन बियाण्याची टोकनं मोबाइलवर सुरू व्हायची होती. ‘यंदा रांग लागली तर पुन्हा कॉम्प्युटरचं नाव काढणार नाही,’ असं तिनेच बैठकीत ठणकावलं होतं. यादीतून सुटलेलं एक गाव घालून अ‍ॅप नव्याने बांधायचं, म्हणजे त्याचं बिल्ड करायचं, एवढंच उरलं होतं.

“काका, माझं फोल्डर?”

गटाचे अध्यक्ष शेषराव तिचे सख्खे काका. साखरपुड्याचा व्हिडिओ पाहायला रात्री त्यांनी लॅपटॉप घरी नेला होता.

“साफ केलं नं मी,” ते शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाले. “हँग होऊन राह्यला होता. चाळीस हजार फायली होत्या त्याच्यात, अन् फोटो एकही नाही!”

“फोटो काऊन राहतीन त्याच्यात?”

“मंग ठेवल्या कशाले?”

रिसायकल बिनही त्यांनी रिकामी केली होती. काकांचं काम कधी अर्धवट नसे.

तिचा कोड ऑनलाइन शाबूत होता. पण अ‍ॅप चालत होतं ते इतरांनी लिहिलेल्या शेकडो तयार तुकड्यांवर. कुठल्या तुकड्याची कोणती आवृत्ती घ्यायची, हे बांधून ठेवणारी लॉक फाइल तिने कधी ऑनलाइन चढवलीच नव्हती. सारखी आडवी येते म्हणून तिनेच ती वगळली होती.

मोबाइलच्या नेटवर सगळे तुकडे पुन्हा उतरले, ते एकदम नवेकोरे. तारखेच्या तुकड्याला नवं नोड, म्हणजे हे तुकडे चालवणारं सॉफ्टवेअर, हवं होतं. नवं नोड गटाच्या जुन्या विंडोजवर बसेना. जुना तुकडा आणला, तर कॅलेंडर बिघडलं.

“झालं का वं?”

“नाही.”

“एका गावाचं नाव तं घालायचं हाये.”

“काका, तुम्ही बोलू नका.”

“बोललो कुठी? विचारून राह्यलो.”

बाहेर बियाण्यासाठी आलेल्या रुखमाबाईंनी शटरसमोर चप्पल काढून नंबर धरला आणि त्या निंबाखाली टेकल्या.

प्रेरणा दारातूनच ओरडली, “आत्या, टोकन मोबाइलवर हाये नं!”

“हाव, मालूम हाये. पण चप्पल हँग होत नाही, बाई.”

त्या चपलेमागे दुसरी आली, मग तिसरी.

अकरा वाजता पडद्यावर पुन्हा चुका दाखवणाऱ्या लाल ओळी होत्या. प्रेरणाने आणखी एक जुनी आवृत्ती टाकून बिल्ड परत सुरू केलं. चपलांची रांग डांबरी रस्त्याला टेकली होती. त्या रांगेत शेषरावांचीही एक जोडी होती. ते स्वतः अनवाणी, प्रेरणाच्या खुर्चीमागे उभे होते.