डॉक्टरांनी धुतलेले हात

दिघ्याच्या डॉक्टर मानसिंग घोरपड्यांनी बंदच्या दिवशी मेलेलं मूल जिवंत केलं, ही गोष्ट तीस वर्षांत इतकी फुगली होती की एका गल्लीत मावेना. पहिल्या वर्षी डॉक्टर चालत आले होते. पाचव्या वर्षी धावत आले. दहाव्या वर्षी जळत्या टायरवरून उडी मारून आले, आणि अलीकडे तर उडीत असतानाच त्यांनी एका पोलिसाची नाडीही तपासली होती. खरं म्हणजे त्या मुलाच्या आईची, चांगुणाबाईंची, खोली दवाखान्यापासून चाळीस पावलांवर होती.

डॉक्टरांनी ही गोष्ट स्वतः कधी सांगितली नाही. कुणी सांगू लागलं की ते फक्त चष्मा पुसत बसत.

"काचा झिजतील अशानं," सुनयनाबाई म्हणत. नवऱ्याने घरी एकदाच, तापात असताना, खरं सांगितलं होतं.

आज मात्र चष्मा पुसून भागणार नव्हतं. वस्तीने लोकवर्गणीतून बाळंतिणींसाठी तपासणीची खोली बांधली होती, तिच्या दारावरच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव कोरलं होतं आणि नावावर मखमली पडदा होता. तसं पाहिलं तर नाव शोभणारंच होतं. पोलिओचे डोस, नळासाठी काढलेले मोर्चे, गुरुवारचा फुकट दवाखाना, यात डॉक्टरांची जवानी गेली होती. पण भाषणं करणाऱ्याला नळ पुरत नाही, त्याला उडी लागते.

माइकवर संघर्ष होता. चांगुणाबाईंचा मुलगा, मंडळाचा अध्यक्ष. त्या दिवशी मेलेलं मूल ते हेच. "आपल्याला टेन्शन कसलंच नाय," तो म्हणाला, "आपण एकदा वर जाऊन आलोय. डॉक्टरकाकांनी कॉलर धरून खाली आणलं." लोक हसले.

शेवटच्या रांगेत बायजाबाई बसल्या होत्या. परभणीकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या; त्या काळी वस्तीतली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातची. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पदराने वारा घेत राहिल्या. डॉक्टरांना तो पदर सोसवेना. ही बाई बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना तीस वर्षं वाटत आलं होतं, आणि ती बोलेल म्हणून तीस वर्षं तिच्या गल्लीतून जाताना त्यांची चाल वाढत आली होती.

पडदा वर गेला. डॉक्टर माइकपाशी आले.

"ते मूल मी वाचवलं नाही. बायजाबाईंनी वाचवलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतले गंगाराम मुकादम शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, मोठेपणा म्हणतात तो हा. एवढं करून नाव दुसऱ्याला." कुणी शिट्टीही मारली. डॉक्टरांचे कान तापले. खरं बोलून माणूस आणखी मोठा होतो, ही सोय त्यांना ठाऊक नव्हती.

"थांबा," ते म्हणाले. "मूल रडेना. मी छातीला नळी लावली, न लावल्यासारखी. म्हणालो, गेलंय. आणि हात धुवायला पाणी मागितलं. साबण नव्हता म्हणून चिडलोसुद्धा. मी मोरीत हात धूत होतो तेव्हा बायजाबाईंनी मुलाचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. ते रडलं. मी धावलो, मूल त्यांच्या हातातून घेतलं आणि पुन्हा नळी लावली. तेवढ्यात लोक दारात आले. त्यांनी पाहिलं ते एवढंच. बायजाबाई तेव्हा खाली बसून फरशी पुसत होत्या."

आता टाळी वाजली नाही. संघर्षने माइक खाली केला आणि मांडवाच्या टोकाकडे पाहिलं.

"आजी, खरं?"

बायजाबाईंनी पदर थांबवला.

"खरं हाय. पर हात लई सोच्छ धुतले व्हते बरं का डाक्टरांनी. कोपरापस्तोर."

हसावं की नाही, कुणाला कळेना. संघर्ष डॉक्टरांकडे न बघता दारापाशी गेला आणि पडदा खाली ओढू लागला. पडदा दोरीत अडकला. दुसरं टोक डॉक्टरांनी धरलं, आणि दोघांनी मिळून ते नाव झाकलं.

महिन्याभरात पाटी बदलली. गोष्टही बदलली. आता बायजाबाईंनी एका दुपारी तीन मेलेली मुलं उठवली आहेत, त्यांतली दोन जुळी. दवाखान्याच्या बाकावर हे रंगात येतं तेव्हा डॉक्टर चष्म्याला हात लावत नाहीत. तपासणीच्या पडद्याआडून बाहेर येतात.

"एकच होतं," म्हणतात. "आणि ते मेलेलं नव्हतं."