दर्याच्या राणीची लाट

अख्खा धक्का डोळे मिटून, समुद्राकडे पाठ करून उभा होता. मासे विकणाऱ्या बाया, बर्फ फोडणारे, जाळीवाले आणि ज्यांना कुठेच काही काम नसतं ते बाकीचे सगळे. डोक्यावर लिलावाचे झगझगीत दिवे, कानाशी कर्णा, कर्ण्यात लाटेबाबा.

"दिवे वाढवा! राणीला भक्तांची तोंडं दिसू देत! मागं वळून बघाल तर डोळे जातील, मग माझ्याकडे भोकाड पसरत येऊ नका!"

मग बाबा थरथरला. आधी कमर, मग पोट, मग गाल. बाबाचं पोट थरथरणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम होता. "निघाली! खोल पाण्यातून राणी निघाली!"

वारा नाही, होडी नाही, समुद्र परातीसारखा सपाट. आणि थोड्या वेळाने खरंच लाट आली, पायऱ्यांवर फुटली आणि सगळ्यांच्या पाठी भिजवून गेली. सगळे ओले, सगळे धन्य.

माझी काकू तेव्हा पायरीवर होती, गुडघाभर पाण्यात, काकाचा शर्ट छातीशी धरून.

काका समुद्रावरून परतला नव्हता. होडी मिळाली होती, उलटी. बाबा म्हणाला, राणीने त्याला नावाडी म्हणून ठेवून घेतलंय. बायकोने रोज एक पायरी खाली उतरायचं, शेवटच्या पायरीवर राणी त्याचा हात तिच्या हातात देईल. काकाच्या होडीचं इंजिन आधीच राणीच्या सेवेला गेलं होतं. राणीने ते बाबाच्या मेव्हण्याच्या होडीला बसवलं होतं. काकूला पोहता येत नाही. शेवटच्या पायरीवर शेवाळ आहे आणि तिच्या पुढे खोल पाणी. हे धक्क्यावर प्रत्येकाला ठाऊक होतं. पण डोळे मिटलेले होते ना!

शेवटच्या पायरीच्या आदल्या संध्याकाळी मी शाळेच्या गच्चीवर होते. विज्ञानाच्या बाई आम्हाला दुर्बिणीतून ग्रह दाखवणार होत्या. ग्रह ढगात गेले, म्हणून मी दुर्बीण खाली वळवली. गच्चीवर एकही दिवा नव्हता. अंधाराला डोळे सरावले आणि मला पाण्यावर एक पांढरी रेघ पळताना दिसली. रेघेच्या टोकाला काहीतरी काळं, बसकं, जणू कुणी सुरी सपाट धरून फेकलीय.

"बाई, राणी!" मी ओरडले.

बाईंनी डोळा लावला आणि हसल्या. "नौदलाच्या कमांडोंची नाव आहे ती. पलीकडच्या खाडीत त्यांचा सराव चालतो. दिवे नाहीत, रंग पाण्याचा, बाजू तिरक्या, म्हणजे रडारलाही धड दिसत नाही. आणि वेग बघ!"

"मग लाट?"

"नाव लपवता येते गं. तिने कापलेलं पाणी कसं लपवणार? नाव डोंगराआड जाते, लाट मागून सावकाश किनाऱ्याला येते."

तेवढ्यात खालच्या डोंगरकड्यावर एक उजेड चमकला. दुर्बिणीत बाबाचा चेला दिसला, ज्याला सगळे पोपट म्हणतात. तो खाडीच्या तोंडाकडे बघत फोन लावत होता. थोड्या वेळाने धक्क्यावरून "राणी! राणी!" असा गजर झाला. मी इतकी मोठ्याने हसले की बाईंनी मला चिमटा काढला.

पप्पा धक्क्याचे इलेक्ट्रिशियन, काकाचे थोरले भाऊ. मी घरी येऊन सगळं सांगितलं.

"तुला फार कळायला लागलंय," पप्पा म्हणाले.

"फार नाही, पप्पा. शाळेच्या पुस्तकाइतकंच. उद्या मी ओरडले की दिवे घालवा. माझं चुकलं तर आईसमोर माझे कान उपटा. बरोबर निघालं तर तुमची भावजय जिवंत राहील."

दुसऱ्या दिवशी पप्पा स्विचच्या पेटीपाशी जाऊन उभे राहिले.

बाबाच्या पोस्टरवर त्याचा नंबर होता: 'राणीच्या सेवेसाठी संपर्क'. बाबा रंगात आला तशी मी माझ्या फोनवरून तो लावला.

बाबाची कमर थरथरली. "निघाली! बाई, उतर शेवटच्या पायरीवर!"

काकूने पाय पुढे टाकला. मी धावत जाऊन तिची वेणी धरली. दुसरं काही हाताला आलंच नाही. ती किंचाळली. मी सोडली नाही. लाटही आली नाही.

"राणी रुसली!" बाबा म्हणाला. "ही कार्टी मधे आली!"

मी वेणी न सोडता पुन्हा फोन लावला. बाबाचं पोट पुन्हा नाचायला लागलं. बाबाशेजारी उभ्या कोळीणआजीने एक डोळा उघडला. "काय रे, राणी आहे की कुणाचा मिस्ड कॉल?"

"कमरेत बघा, आजी!"

आजीने कमरेत हात घातला आणि फोन बाहेर काढला. बाबा तिच्या हाताला चावला. आजीने त्याच्या कानाखाली काढली. तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. आजीने तो उचलून कर्ण्याच्या माईकपुढे धरला, आणि पोपटाचा आवाज सगळ्या धक्क्यावर घुमला, "बाबा, काळी नाव खाडीबाहेर पडली! हला आता गदागदा! बाबा? ऐकताय ना?"

"पप्पा, दिवे!"

अंधार झाला. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांनी वळून बघितलं. आधी काहीच दिसेना, मग ती रेघ दिसली: पांढरी, सरळ, पळणारी. डोळे कुणाचेच गेले नाहीत.

पप्पांनी काकूला उचलून वर आणलं. ती त्यांना बुक्के मारत होती. "भावोजी, सोडा! तो येतोय!" शर्ट खाली पडला.

लोकांनी बाबाला शेवटच्या पायरीवर नेलं. "जा, राणीला भेट!" "आमचा निरोप सांग!" तो चिखलात लोळला, गयावया करायला लागला, "मला पोहता येत नाही हो!" हे ऐकून तर लोक अजूनच खूश झाले. लाट आली आणि त्याला लोळवून घेऊन गेली. दोर जवळच होता. फेकायची घाई कुणालाच नव्हती. शेवटी पप्पांनी फेकला. बाबा वर आला तेव्हा नाकातून पाणी आणि तोंडातून खरं सगळं बाहेर पडत होतं. काल त्याचे पाय धरणारेच आज त्याच्यावर थुंकत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग काकूने मला विचारलं, "राणी नाही, तर तो कुठे आहे?"

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा माझ्याकडेच बघत होते.

"काका गेला, काकू."

"त्याची होडी त्या काळ्या नावेने उलटली का?"

"माहीत नाही. असेल, नसेल. शोधू. पण माहीत नाही तिथे मी राणी बसवणार नाही."

"तू माझा नवरा दुसऱ्यांदा बुडवलास," काकू म्हणाली.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. आमच्याकडे जेवते, भांडी आपटते, मी दिसले की तोंड फिरवते. फिरवू दे. तोंड फिरवायला माणूस जिवंत असावं लागतं.

तुमच्याकडेही एखादा बाबा असेल. तो काय दाखवतो ते सोडा. कुठे बघू नका म्हणतो, तेवढं नीट ऐका. मग दिवे घालवा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि नेमकं तिकडेच बघा.