भाषणाचा सदरा

धाकट्या दिराला समाजसेवेचा झटका आला, की झिजायचं ते वहिनीचं शिलाई मशीन. या खेपेला टोपल्या विणणाऱ्या बायकांना रास्त भाव मिळावा म्हणून त्याने गावात मोहीम काढली होती. मोहिमेचे झेंडे वहिनीने शिवले, फलक वहिनीने शिवले, आणि सभेच्या आदल्या दिवशी हा कापड घेऊन पुन्हा दारात हजर.

"वहिनी, भाषणाला नवा सदरा लागेल. सकाळपर्यंत."

"आणि शिलाई?"

"घरच्या माणसाकडून कसली शिलाई घेता? शिवाय हे लोकांचं काम आहे."

लोकांचं म्हणे! जन्मात स्वतःचं बटण न लावलेला हा गडी कष्टाची किंमत शिकवत गावभर मिरवत होता. वहिनीने मशीनला हातही न लावता सदरा नुसत्या कच्च्या टाक्यांनी जोडला, वरून कडक इस्त्री फिरवली आणि स्वस्थ झोपली.

शाळेचं पटांगण भरलं होतं. दीर माइकसमोर छाती काढून उभा राहिला. "आजपासून कुणाचेही कष्ट फुकट घेणार नाही!" असं गरजत त्याने मूठ उगारली, आणि उजवी बाही खांद्यापासून सुटून कोपरावर लोंबू लागली. टोपलीवाल्या फिदीफिदी हसल्या.

"वहिनी, हे काय शिवलंत?" तो फुत्कारला. माइक चालूच होता.

पहिल्या रांगेतून वहिनी शांतपणे म्हणाली, "फुकटात कच्चाच टाका बसतो, भावजी."