मिशन हॉलची खारी भिंत

मला जुन्या इमारतींचं प्रेम आहे, असा लोकांचा समज आहे. खरं सांगायचं तर मला त्यांचा वैताग आलाय. वारसा समितीसाठी मी जिल्हाभर पूल, देवळं, पाणपोया तपासत फिरते, आणि जिथे जावं तिथे माझ्या स्वागताला जुन्या दगडावर ताजा ऑइलपेंट फासलेला असतो. आदल्याच दिवशी रोह्यात एका देखण्या दगडी पाणपोईला गुलाबी रंग दिलेला बघून आले होते. त्यामुळे पेणच्या भर बाजारातल्या मिशन हॉलमध्ये शिरले तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

हॉल तसा साधाच. कुण्या परदेशी मिशनने गोरगरिबांसाठी बांधलेला. स्वातंत्र्यानंतर मिशनवाले मायदेशी गेले आणि तो गावातल्या ट्रस्टकडे आला. दुपारी येईल त्याला तिथे अजूनही पेज मिळते. बाजारात आलेले शेतकरी येतात, डोलवीच्या पोलाद कारखान्यातली शिफ्ट संपवून आलेली कंत्राटी पोरंही येतात. कौलारू छप्पर, चार भिंती, लाकडी बाकं. आमच्या समितीने ‘वारसा’ म्हटलं नाही, तर तो पाडून दुकानांचे गाळे होणार होते. मनातल्या मनात मी त्याला नापास करून टाकलं होतं.

आत मात्र भांडण जुंपलेलं. खाडीकडच्या भिंतीला पाठ टेकून एक बाई जमिनीवर बसलेली. समोर छिन्नी-हातोडा घेऊन गवंडी उभा आणि शेजारी ट्रस्टचे अध्यक्ष हैबतराव घाम पुसताहेत. भिंतीचा कोपरा आधीच उचकटला होता.

“या मॅडम! ही भिंत बघा. किती रंग मारा, दरवर्षी पोपडे. म्हटलं, तुम्ही येणार तर खरवडून सिमेंटचं प्लास्टर करू. छान दिसेल. तर ही आमची बायजाबाई, पेज रांधते इथली, उठायलाच तयार नाही.”

मी कपाळावर हात मारला. मग त्या बाईकडे वळले. पन्नाशी उलटलेली, काटक, डोळे कोरडे.

“बाई, का बसलात?”

“माजी आय हाय या भिंतीत.”

हैबतरावांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला त्यांचाच राग आला. मी बायजाबाईशेजारी बसकण मारली.

तिने सांगितलं ते असं. ती तान्ही असताना, भर पावसाळ्यात, भरतीच्या पाण्याने तिच्या गावचा बांध फुटला. खाडी शेतात शिरली, मिठागरं बुडाली, आणि गावच्या गाव या हॉलमध्ये येऊन राहिलं. त्याच पावसात हॉलची ही भिंत कोसळली. गवंडी मिळेना. मग खारेपाटातल्या, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, त्या माणसांनी आपल्याला येतं तसं केलं. खाडीचा चिखल आणला, पेंढा घातला आणि बांध घालतात तशी भिंत घातली.

“आन् आमची रीत हाय बाय. फुटला बांध बुजला, का शेवटच्या चिखलाव घराघराच्या हाताचा ठसा उठवायचा. ज्या घराचा हात लागला, त्या घरानं बांध राखायचा. माजे आयेनं आपला हात उठवला, मंग त्याचे मदी माजा उठवला. मावशी सांगायची. पानी उतरायच्या आधीच आय तापानं गेली. हितंच. तिचा फोटू नाय, कायच नाय.”

“तुम्ही पाहिलाय तो हात?”

“नाय गो. मला कलतंय तवापासून रंगाचे थरावर थर हायेत वर.”

मी गवंड्याला छिन्नी खाली ठेवायला लावली. त्याचं नाव जगन, तोही खारेपाटातलाच. पर्समधली छोटी पट्टी काढली आणि सुटलेल्या पोपड्याच्या कडेखाली सरकवली. आतल्या मिठाने रंग भिंतीपासून कधीच वेगळा केला होता. हिरवा पापुद्रा केळीच्या सालीसारखा अलगद सुटून आला.

खाली हात होते.

काळपट चिखलात रुतलेले आणि खळग्यांत मीठ फुलून पांढरे झालेले हात. मी आणखी एक पापुद्रा काढला. आणखी हात. रुंद, राकट, एक करंगळी नसलेला, एक बांगडीच्या खुणेसकट. जगनही आता बोटांनी रंग सोडवू लागला, हैबतरावही. पेजेला आलेली माणसं वाडगी हातात धरून मागे उभी राहिली. खिडकीतून ऊन आलं आणि ती सगळी भिंत लखलखली. इतक्या वर्षांत मी मोठमोठी शिल्पं पाहिली, त्यांची मापं घेतली, पण इथे मापं घ्यायचं मला सुचलंच नाही.

“आमच्या घरचाबी असंल यात,” जगन हळूच म्हणाला, आणि त्याने हातोडा लांब नेऊन ठेवला.

उचकटलेल्या कोपऱ्याच्या अगदी कडेला, वीतभरावर, तो सापडला. बाईचा लांबट तळवा आणि त्याच्या मधोमध लिंबाएवढ्या तळव्याचा, इवल्या बोटांचा पंजा. छिन्नी आणखी थोडी चालली असती तर गेलाच होता. बायजाबाई पुढे झाली. तिने हात उचलला, पण आईच्या हाताला लावला नाही. मध्येच थांबवून ती नुसती बघत राहिली.

“केवढीशी व्हती मी,” ती म्हणाली, आणि मग रडली.

हैबतराव बाहेर निघून गेले. परतले ते खाडीच्या चिखलाची पाटी घेऊन, चपला हातात, धोतर गुडघ्यापर्यंत बरबटलेलं. म्हणाले, “मी फोडलं, मीच बुजवतो.” जगनने पेंढा कालवला आणि दोघांनी मिळून कोपरा भरला. दोघांनी आपापले हात उठवले. मी वही काढून कामाला लागले होते. तेवढ्यात बायजाबाईने माझं मनगट धरलं.

“अहो, मी तपासायला आलेय,” मी म्हटलं. “जुन्या भिंतीला हात लावू नका, हे लोकांना सांगण्यात माझा जन्म गेला.”

“व्हय. पन तुजेच कागदाव हाय ना, ही ऱ्हायाची का पडायची?”

मी वही मिटून बाकावर ठेवली. ओला चिखल गार होता. तिने माझा तळवा तिच्या आईच्या हाताशेजारी टेकवला आणि वरून आपल्या हाताने दाबून धरला.

“झालं,” ती म्हणाली. “आता राखायची तू पन.”