पेणहून आलेलं बोंडलं

बाळांनो, आधी एक वस्तू डोळ्यांसमोर आणा. मोठ्या लिंबाएवढी पितळेची वाटी आहे आणि तिच्या एका बाजूने चिमणीच्या चोचीसारखी बारीक नळी बाहेर आली आहे. तिला बोंडलं म्हणतात. वाटीत दूध किंवा पातळ पेज घालायची, नळीचं टोक बाळाच्या ओठांना लावायचं आणि वाटी हळूच कलती करायची. आता असं समजा, की तुमचं वय दहा आहे, तुमचं नाव अपेक्षा आहे आणि हे बोंडलं घासायचं काम घरातल्या सगळ्यांनी तुमच्यावर सोपवलं आहे. समजलात? मग ऐका.

अपेक्षा राहायची रोह्याला, धाटावला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या दोन खोल्यांच्या घरात. तिचे पप्पा, प्रविण, धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. पप्पांची धाकटी बहीण सुरभी, म्हणजे अपेक्षाची आत्या, बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तब्येत नीट होईना म्हणून ती महिनोन्महिने इथेच राहिली. तिच्या बाळाचं नाव सुजय. सुजयला सहा महिने पूर्ण झाले, तेव्हा रविवारी त्याचं उष्टावण करायचं ठरलं. उष्टावणाला बाळाच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय दुसरं अन्न पहिल्यांदा जातं आणि ते मामाच्या हातून जातं. सुजयचा मामा म्हणजे अपेक्षाचे पप्पा. उष्टावण झालं की आत्या आणि बाळ पेणला, रामवाडीतल्या सासरच्या घरी जाणार होते.

बोंडलं त्या पेणच्या घरातलं. आत्याच्या सासूबाई, बायजाबाई, यांनी ते आठ दिवस आधी पाठवून दिलं होतं. त्यांच्या घरातल्या सहा मुलांनी पहिली पेज त्यातूनच घेतली होती. त्याची एक रीत होती. सुनेच्या माहेरच्या लहान मुलीने ते चिंच-मिठाने घासायचं, मग हळदकुंकू लावून देवासमोर ठेवायचं आणि पेज ओतायची वेळ येईपर्यंत कुणीही त्याला शिवायचं नाही.

शनिवारी दुपारी अपेक्षा मोरीत बसली. सकाळपासून तिने बाळाचं रबरी कापड धुतलं होतं, दुपटी उकळत्या पाण्यातून काढली होती, खुळखुळ्याच्या खाचांतला मळ काडीला कापूस गुंडाळून काढला होता. हे सगळं ती मन लावून करायची. बोंडलं शेवटी राहिलं. वर्षानुवर्षं फडताळात पडून ते काळं-हिरवं झालं होतं. चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन तिने अर्धा तास घासलं. बोटांची सालटी निघायला आली. मधला भाग थोडा उजळला, पण कडेचा हिरवेपणा तसाच राहिला. नळीत तर बोटही जाईना.

मोरीच्या कोनाड्यात एक बाटली होती. थंड पेयाची जुनी बाटली, पण आत पप्पांनी कंपनीतून आणलेलं पाण्यासारखं औषध. तिथे त्याने लोखंडी नळ्या साफ करायचे, इथे आई महिन्यातून एकदा फरशीवर चार थेंब टाकायची. त्या वस्तीत कंपनीतून आलेल्या वस्तूला बाजारच्या वस्तूपेक्षा जास्त मान. हातमोजे कंपनीचे, पाण्याचं पिंप कंपनीचं, दोरी कंपनीची. कंपनीचं म्हणजे चांगलंच असणार, असं तिथल्या लहानमोठ्या सगळ्यांनाच वाटायचं. अपेक्षालाही वाटलं. तिने बाटलीतलं टोपणभर औषध बोंडल्यात ओतलं आणि नळीतून वाहू दिलं.

नाकाला झिणझिण्या आल्या. पण डोळ्यांदेखत हिरवेपणा विरघळला आणि पितळ सोन्यासारखं झालं. वाटीला आतून कल्हई होती, म्हणजे कथलाचा पांढरा मुलामा. तो मधे मधे जाऊन पिवळे डाग दिसायला लागले होते. अपेक्षाला वाटलं, आतूनही स्वच्छ झालं. तिने तांब्याभर पाण्याने बोंडलं विसळलं आणि पदराने पुसायला आईकडे दिलं.

रविवारी साडेदहाला पेणची माणसं आली. बायजाबाई आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आत्याचे यजमान रितेश. बायजाबाईंची निम्मी हयात खाडीकाठच्या मिठागरावर गेली होती. मिठाच्या चकाकीने डोळे अधू झालेले, पण जीभ शाबूत. मागच्या खेपेला आल्या तेव्हा बाळाच्या गुटीच्या चमच्याला वाळलेली गुटी चिकटलेली त्यांच्या बोटाला लागली होती. तेव्हापासून पेणहून फोनवर आणि इथे समोरासमोर त्यांनी आत्याला पुष्कळ ऐकवलं होतं. माहेरच्या माणसांना भांडी घासायला येत नाहीत वाटतं, हे त्यातलं सगळ्यांत सौम्य.

आल्या आल्या त्यांनी बोंडलं मागितलं. खिडकीशी नेऊन ते फिरवून फिरवून पाहिलं, अंगठ्याने चाचपलं.

"कुणी घासलं गो हे?"

"अपूने, आई," आत्या म्हणाली.

"व्हय? माझ्या लग्नात पण एवढं झळकत नव्हतं." त्या अपेक्षाकडे वळल्या. "पोरी, पेणला चल माझ्याबरोबर. तुझ्या आत्याला शिकवशील."

सगळे हसले. आत्याही हसली. सहा महिन्यांत सासूच्या बोलण्यावर ती मोकळेपणी हसलेली अपेक्षाने पहिल्यांदाच पाहिली. बायजाबाईंनी स्वतःच्या हाताने बोंडल्याला हळदकुंकू लावलं आणि आतल्या खोलीत देवाच्या फळीवर ठेवलं.

पाहुणे बाहेरच्या खोलीत चहा-पोह्यांना बसले. सुजय किरकिर करत होता. आत्याने अपेक्षाला आत भिंतीशी पाय लांब करून बसवलं, तिच्या पायांवर दुपटं टाकलं आणि बाळाला त्यावर निजवलं. पाय हलके हलके हलवले की तो झोपायचा. तसा तो झोपला. आता उठू नकोस, पेज तयार होईपर्यंत झोपू दे त्याला, नाहीतर ऐन वेळी रडेल, असं सांगून आत्या चुलीकडे गेली.

अपेक्षा बसून राहिली. समोर, चार हातांवर, फळीवर बोंडलं चमकत होतं. दाराच्या पडद्यापलीकडून बोलणं ऐकू येत होतं. पप्पा रितेशकाकांना कंपनीतल्या गमती सांगत होते. त्यांना रंगवून सांगायची सवय होती. एकदा त्यांच्या शिफ्टमधला नाथा नळ्या साफ करत होता. औषध ओतून झालं, पाणी मारून झालं, नळी कोरडी दिसायला लागली. पण नळी साफ निघाली की नाही हे बघायला नाथाने तोंड लावून फुंकर मारली.

"बारीक नळीत राहतं ते," पप्पा सांगत होते. "तांब्या-दोन तांब्यांनी निघत नाय. ह्या शहाण्याचे ओठ वाटीएवढे सुजले. जिभेला फोड. चार दिवस पाणी प्यायचे वांधे. आम्ही त्याला चहा दाखवून दाखवून प्यायचो."

बाहेर हशा झाला. आत अपेक्षाचे पाय हलायचे थांबले.

तिने बोंडल्याच्या नळीकडे पाहिलं. काडीही धड जाणार नाही एवढी बारीक. तांब्याभर पाणी. एकच तांब्या.

उठून ते आणावं आणि परत धुवावं, हे तिच्या मनात पहिल्यांदा आलं. पण पायांवर बाळ होतं. तिने एक पाय जरासा ओढला, तशी सुजयने भुवई आक्रसली. ती थांबली. उशी घेऊन त्यावर त्याला सरकवावं म्हटलं, तर उशी पलंगावर, हाताबाहेर.

तेवढ्यात आई, सरू, निरांजन घ्यायला आत आली. अपेक्षाने हळू आवाजात तिला सांगितलं की बोंडलं मला परत धुवायचं आहे. आईने कपाळाला आठ्या घातल्या. हळदकुंकू लागल्यावर शिवायचं नाही, हे माहीत नाही का? आणि आता धुवायला काढलं तर बायजाबाई म्हणतील, काल न धुताच ठेवलं होतं. पुढचं ऐकायला आई थांबलीच नाही. निरांजन घेऊन गेलीसुद्धा.

मग आत्या आली. बाळ झोपलंय का ते वाकून बघितलं आणि अपेक्षाच्या केसांवरून हात फिरवला.

"अपू, आज तू माझी मान वर ठेवलीस बघ," ती कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते.

अपेक्षाने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं. आत्या गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला, पण आत्या गेली होती.

पायांना मुंग्या यायला लागल्या. तुम्हाला माहीत असेल, पाय बराच वेळ दाबून राहिला की आधी मुंग्या येतात आणि मग तो आपला राहतच नाही. बाळ झोपेत जड होतं. खोलीत एकच खिडकी, तीही पलंगाकडे. शिजलेल्या तांदळाचा वास आत येऊ लागला. पेज होत आली होती. अपेक्षाने बाळाचं तोंड पाहिलं. खालचा ओठ ओला होता, त्यावर दुधाचा एक बुडबुडा. नाथाकाकांचे ओठ वाटीएवढे सुजले होते आणि ते तर मोठे होते.

पाट धुऊन आणण्यासाठी पप्पा आत आले. आता मात्र तिने वेळ घालवला नाही.

"पप्पा, ती मोरीतली बाटली आहे ना—"

पप्पांनी झटकन ओठांवर बोट ठेवलं आणि पडद्याकडे नजर टाकली. ती बाटली गेटवर न दाखवता आणलेली होती. घरात आहे हे कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी तिला दोनदा बजावलेलं होतं. ती पाहुण्यांसमोर तेच बोलून बसेल अशी त्यांना भीती वाटली. डोळे मोठे करून त्यांनी मान हलवली, पाट उचलला आणि गेले. ती आणखी काही सांगणार होती, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

आई घाईत, आत्या खुशीत, पप्पा घाबरलेले. तिघेही येऊन गेले होते आणि तिघांपैकी कुणालाही काही कळलं नव्हतं. मोठ्याने ओरडावं तर बाळ दचकून उठेल. ओरडून सांगायचं तरी काय? बायजाबाईंनी ज्याचं कौतुक केलं, ते मी खोटं घासलं? आत्याला तर आज संध्याकाळपासून त्यांच्याच घरात राहायचं होतं.

मग सगळे एकदमच आत आले. पाट मांडला. निरांजन लागलं. आत्याने सुजयला उचललं आणि पाटावर बसलेल्या पप्पांच्या मांडीवर दिलं. तो जागा झाला, पण रडला नाही. निरांजनाकडे टकमक बघत राहिला. बायजाबाईंनी फळीवरचं बोंडलं घेतलं. आईने त्यात कोमट पेज ओतली, पांढरी, पातळ, वर तुपाचा एक थेंब. बोंडलं पप्पांच्या हातात गेलं.

अपेक्षाने उठायचा प्रयत्न केला. पाय उठलेच नाहीत. गुडघ्याखाली काही आहे असंच तिला वाटेना. ती एका कुशीवर पडली.

"हळू गो," बायजाबाई तिच्याकडे न बघताच म्हणाल्या. "तू पण खाशील. आधी त्याला खाऊ दे."

पप्पांनी नळीचं टोक बाळाच्या ओठांकडे नेलं. सुजयने तोंड उघडलं.

अपेक्षा हातांवर सरपटत पुढे झाली. तिने डावा हात पाटावर टेकला आणि उजव्या हाताचा पंजा नळी आणि बाळाचं तोंड यांच्या मधे घातला. पेज तिच्या तळहातावर सांडली, बोटांतून पप्पांच्या धोतरावर गळली.

आई तिचं नाव घेऊन ओरडली. पप्पांनी तिचा हात धरला, पण तिने तो मागे घेतला नाही.

"पप्पा, हे मी नुसत्या चिंचेने नाय घासलं," ती म्हणाली. "मोरीतल्या बाटलीतलं घातलं. नळीत पण. एकच तांब्या पाणी घातलं."

पप्पांनी बोंडलं नाकाशी नेलं. मग ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि पेजेखालचे पिवळे डाग बघितले. त्यांचा चेहरा असा झाला, की आईने घाईने बाळाला त्यांच्या मांडीवरून उचललं, त्याचे ओठ पदराने पुसले, पुन्हा पुसले. ओठ कोरडे होते. काही लागलं नव्हतं.

"कसली बाटली?" बायजाबाईंनी विचारलं. "कुणी आणली घरात?"

पप्पांनी खाली बघितलं.

"मी," ते म्हणाले. "मी आणली."

रितेशकाकांना नाथाची गोष्ट आठवली असावी. ते उठले आणि बोंडलं पप्पांच्या हातातून घेऊन मागच्या दाराने बाहेर गेले. आत्या भिंतीला टेकून उभी होती. ती कुणाकडेच बघत नव्हती. बायजाबाई पाटाशेजारी खाली बसल्या. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहिल्या, जणू बोंडलं अजून त्यांच्या हातात होतं. त्या रागावल्या होत्या की घाबरल्या होत्या, हे अपेक्षाला कळेना. कौतुक कुणी केलं नाही. रागावलंही नाही कुणी, अजून.

मग सुजय रडायला लागला. भूक लागली होती त्याला. समोर आलेलं काहीतरी परत गेलं, एवढं त्याला समजलं असणार. तो रडत होता आणि पाच मोठी माणसं असलेल्या त्या घरात कुणाचाच हात पुढे होत नव्हता.

अपेक्षाच्या पायांत आता कळा येत होत्या, म्हणजे पाय परत यायला लागले होते. भिंतीला धरून ती उभी राहिली. लंगडत मोरीवर गेली. नळ सोडून तिने उजवा हात धरला, पेज निघून गेली तरी धरून ठेवला, कोपरापर्यंत साबण लावून पुन्हा धरला. मग स्वयंपाकाच्या ओट्याशी जाऊन तिने मांडणीवरून स्टीलची एक साधी वाटी आणि छोटा चमचा काढला. त्यांचा वास घेतला. उकळतं पाणी ओतून विसळले, परत वास घेतला. आणि पातेल्यातली पेज हलवून, वाटीत घालून, ती फुंकर न मारता निवेपर्यंत दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मग ती वाटी आतल्या खोलीत घेऊन आली आणि पाटासमोर, पप्पांच्या हाताशी ठेवली.