वाकड्या लाकडांचं छप्पर

उरणच्या बाहेर, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनं चर्च आहे. रविवारच्या प्रार्थनेला आता जेमतेम अकरा घरची माणसं येतात. बाकी सहा दिवस कुलूप. गावात म्हाताऱ्यांच्या व्यायामाला, बायकांच्या बैठकांना, परीक्षेच्या दिवसांत मुलींच्या अभ्यासाला जागा नव्हती. फादर ऑल्विन यांनी ठरवलं, ही जागा रोज उघडी ठेवायची. गाव बहुतेक हिंदू. त्यांना ती अडचण वाटली नाही.

कामाला आली अक्षता खिल्लारे, जुईनगरची इंजिनीअर. आईवडील परभणीकडून आलेले. स्वतःच्या सहीचं तिचं हे पहिलंच काम. आराखडा साधा होता: रॅम्प, संडास-बाथरूम, पंखे आणि जुनं छप्पर उतरवून लोखंडी कैच्यांच्या सांगाड्यावर पत्रा. छप्पर आतून कुणाला दिसतच नव्हतं. चाळीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी त्याखाली प्लायवूडचं सीलिंग ठोकलं होतं आणि एका कोपऱ्यात ओल उतरली होती. लाकूड कुजलंय, हे गृहीतच होतं.

मंगळवारी सकाळी सीलिंग खाली आलं. धूळ बसायला वेळ लागला. मग अक्षताने मान वर केली आणि हातातली टेप तशीच धरून उभी राहिली.

वर पंधरा प्रचंड लाकडी कमानी होत्या. प्रत्येक कमान वेगळी, झाडाच्या मूळ वळणातून घडवलेली. तरी सगळ्या मिळून एकच रेघ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एकही खिळा दिसत नव्हता.

धनाजी म्हात्रे दारात उभा होता. सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर होड्या बांधलेला सुतार. तीन दिवस तो काम बघायला येत होता. त्याने चपला काढल्या आणि आत आला.

"पोरी, ही तर होडी बांधनाऱ्यांची करनी हाय," तो म्हणाला.

"काका, वर चढू नका, परांची हलते," अक्षता म्हणाली. तोवर तो अर्ध्यावर होता.

त्याने एकेका कमानीवर हातोडीने हलकेच ठोकलं, कान लावून ऐकलं. तासाभराने उतरला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"चौदा चांगल्या हायेत. त्या कोपऱ्यातलीचा पाय गेलाय. माज्या बापानं पन असं काम केलं नाय."

अक्षताने त्याच्या कानावर भिस्त ठेवली नाही. प्रत्येक लाकडाची यंत्राने तपासणी करून घेतली. उत्तर तेच आलं: चौदा. ती फादरांकडे गेली.

"माझा आराखडा चुकलाय, फादर. छप्पर काढायचं नाही."

"आणि पंधरावी?"

"ती धनाजीकाका करतील. तोवर छपराचं वजन मी पेलून धरते."

लाकूड शोधायला तीन आठवडे गेले. वखारवाले हसायचे, सगळ्यांना सरळ लाकूड हवं, ह्यांना वाकडं. शेवटी पनवेलच्या एका वखारीत, ढिगामागे, सागाचं कमानदार खोड सापडलं. उतरवलेल्या प्लायवूडमधूनच धनाजीने जुन्या कमानीचा साचा कापला आणि नऊ दिवस वाकसाच्या आडव्या पात्याने खोड तासलं. मापाची टेप त्याने क्वचितच हातात घेतली.

बसवायच्या दिवशी छप्पर जॅकवर तोललं होतं. कुजलेली कमान काढली, नवी कमान चेन-कप्पीने वर चढवली. सांध्याशी ती बोटभर अडली. धनाजीने खालून दोनदा ठोकलं, थांबला, तिसऱ्यांदा ठोकलं. लाकूड लाकडात शिरलं. त्याने लाकडी खुंटी मारली.

"सोड," तो म्हणाला.

अक्षताने जॅक एकेक करून उतरवायला लावले. तिचा तळहात कमानीवर होता. छताचं वजन त्या लाकडात उतरताना तिला हाताखाली जाणवलं. एक बारीक कण्हणं, मग शांतता. छप्पर किती खाली बसतंय ते दाखवायला लावलेल्या मापकाचा काटा दोन मिलिमीटर सरकला आणि थांबला. तिने पाच मिनिटं वाट पाहिली, मग आणखी पाच. काटा हलला नाही.

"बसली," ती म्हणाली.

आता तिथे रॅम्प आहे, स्वच्छ संडास आहेत. वेदीपुढे घडीचं दार आहे, रविवारी उघडतं. पहिल्या सोमवारी म्हाताऱ्यांच्या व्यायामाला बावीस जण आले. फिजिओथेरपिस्ट नमिताने सगळ्यांना चटईवर उताणं झोपवलं.

"उजवा पाय वर," ती म्हणाली.

एकही पाय उचलला गेला नाही. सगळे डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते.

"दुर्गाबाई, पाय," नमिताने जवळच्या आजींना हलवलं.

"थांब गं बाई," दुर्गाबाई नजर न हलवता म्हणाल्या. "एवढी वर्सं गावात ऱ्हायलो आनि हे म्हाईत नव्हतं. आदी बघू दे."

नमिताही मग वर बघत उभी राहिली.